कर्वेनगरच्या विहीणबाई आणि वाघोलीचं पाणी

पुण्याला मी गेले होते ती मुलीला घेऊन यायला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या गुहागरकडे कोणाला सांगावं लागत नाही. दिवस भरत आले की आईने पिशव्या भरायच्या आणि एसटी धरायची. मीही धरली. पिशवीत कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ आणि जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी होती. दोन-चार दिवस जावयाचा पाहुणचार घ्यायचा आणि मुक्ताला घेऊन परत फिरायचं, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात परत आले ती नातीचं बारसं उरकून.

आल्यापासून गावातल्या सगळ्या विचारतात, एवढे दिवस राहिलीस तर पुण्यात काय काय पाहिलंस? शनिवारवाडा राहिला. सारसबाग राहिली. पर्वती बसच्या खिडकीतून दिसली, तिला तिथूनच हात जोडले. मी पुण्यात पाहिलं ते पिण्याचं पाणी, आणि त्या पाण्यापायी भेटलेली माणसं. पुणेकरांबद्दल आपल्याकडे काय बोलतात ते मला ठाऊक आहे, मीही बोलत असे. आता बोलणार नाही, निदान सगळ्यांबद्दल नाही.

वाघोली

कुंभार्ली घाट ते स्वारगेट हा सगळा प्रवास झोपेत गेला, त्यामुळे त्याचं वर्णन नाही. जावई, कौस्तुभराव, गाडी घेऊन आले होते. त्यांचं भाड्याचं घर वाघोलीत, नवव्या मजल्यावर. वाघोली आता पुण्यातच धरतात, पण खिडकीतून पाहिलं तर एकीकडे उंच इमारती आणि दुसरीकडे कांद्याचं शेत दिसतं. मला दोन्ही आवडलं.

घरात शिरल्यावर सवयीने स्वयंपाकघरात गेले, नळाखाली भांडं धरलं आणि तोंडाला लावणार तोच मुक्ता पोट सावरत धावत आली.

"अगं आई, ते पिऊ नकोस. ते वापरायचं आहे."

आमच्याकडे पाणी म्हणजे पाणी. परसातली विहीर, तिचंच प्यायचं, तिचंच पोफळींना, तिचंच आंघोळीला. इथे पाण्यात जातपात होती. नळाला बोअरचं आणि टँकरचं मिसळलेलं यायचं, तेही ठरावीक वेळेला, म्हणून ओट्याखाली एक मोठी बादली कायम भरून झाकलेली. ते धुण्या-स्वयंपाकाचं. प्यायचं ते कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या जारमधलं. नळाचं पाणी मी जिभेवर घेऊन पाहिलं, मचूळ होतं. डाळ त्यात शिजता शिजत नसे, आणि चहाच्या भांड्याला आतून पांढरं कीट धरलेलं.

दुसऱ्या दिवशी मुक्ताच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. आदल्या आठवड्यात मुक्ताच्या थोडं अंगावरून गेलं होतं, ते मला कोणी कळवलंही नव्हतं. त्यांनी तपासलं आणि मला म्हणाल्या, "आई, हिला घाटातून नेता येणार नाही. बाळंतपण इथेच होऊ दे."

मी काहीतरी बोलणार होते, पण कौस्तुभरावांनी मध्येच सांगितलं की आमच्या इमारतीत दोन घरांत कावीळ झाली आहे. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"पाण्यातून होणारी एक कावीळ असते," त्या म्हणाल्या. "इतरांना ती काही आठवडे दमवते आणि जाते. पण शेवटच्या महिन्यांत बाईला झाली तर आईचंही सांगता येत नाही आणि बाळाचंही नाही. पाणी सांभाळा. यंत्र बसवा नाहीतर उकळा, पण एक काहीतरी धरा आणि नेमाने करा. जार कुठे भरतात ते मला माहीत नाही. तुम्हाला आहे का?"

आम्हाला कोणालाच नव्हतं. घाटातून नेता येणार नाही याचं वाईट वाटायला मला त्या दिवशी सवडच मिळाली नाही. परत येताना मी गाडीत मुक्ताचा हात धरून बसले होते आणि तो हात मला लहानपणीइतकाच लहान वाटत होता.

संध्याकाळी खाली टँकर आला. त्याच्या मालकाला गाठायचं मी ठरवलंच होतं. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, मोटारसायकलवर बसून फोनवर बोलणारा माणूस. या जमिनी मूळ त्याच्याच भावकीच्या, असं वॉचमनने सांगितलं. मी विचारलं, पाणी कुठलं?

"मावशी, पानी एक नंबर हाय. आमच्याच हिरीचं हाय."

"मग तुम्ही हेच पिता?"

तो मनापासून हसला. "न्हाय ओ. आमी घरी जार आनतो."

त्याच्यावर रागवावंसं वाटलं, पण त्याने खरं सांगितलं होतं. वर, "घरात कोन पोटुशी हाय का? मग उकळूनच द्या, आमच्या मालकिनीलाबी तसंच दिलं होतं," असंही म्हणाला. रात्री जेवताना तीन मतं पडली. कौस्तुभरावांना यंत्र हवं होतं. मला तांब्याची घागर हवी होती, कारण माझ्या सासूबाई घागरीतलंच पाणी पीत आणि नव्वदीपर्यंत काठीशिवाय चालल्या. आणि फोनवरून विहीणबाईंचं मत आलं की या सगळ्याची गरज नाही, पुण्याचं पाणी असताना.

कर्वेनगर

विहीणबाई म्हणजे कौस्तुभरावांच्या आई. यजमान गेल्यापासून कर्वेनगरच्या जुन्या सोसायटीत एकट्या राहतात. शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. लग्नात त्या माझ्याशी जी काही वाक्यं बोलल्या ती सगळी बरोबर आणि सगळी तिखट होती. जेवणावळीत मी आग्रह करायला गेले तर म्हणाल्या, "सुलभाताई, भूक माझी आहे, अंदाज मला आहे." तेव्हापासून मी त्यांना जरा लांबूनच नमस्कार करत असे.

त्यांच्याकडे गेलो तेव्हा ऊन तापलेलं होतं. आमच्याकडे पाहुण्यापुढे न विचारता गूळ-पाणी येतं. इथे दार उघडल्यावर विचारलं गेलं, "पाणी हवंय का?" मला खरं तर हवं होतं, पण भिडेपोटी मी नको म्हणाले, तर खरंच आणलं नाही. थोड्या वेळाने मीच मागितलं.

"मघाशी नको म्हणालात," त्या म्हणाल्या आणि पेला भरून दिला.

पाणी मात्र गोड होतं. धरणाचं, महापालिकेने शुद्ध करून दिलेलं. मी दुसरा पेला मागितला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान आला, जसा काही त्यांनीच धरण बांधलं होतं. त्यांनी दोन मोठे कॅन आधीच भरून ठेवले होते. ते गाडीत घालून वाघोलीला न्यायचे आणि संपले की पुन्हा भरून आणायचे, अशी त्यांची योजना. कर्वेनगर शहराच्या एका टोकाला आणि वाघोली पार दुसऱ्या.

कौस्तुभराव म्हणाले, "आई, रोज एवढं पाणी घेऊन कोण फिरणार? आणि कॅन आतून कोण घासणार?"

"मी," त्या म्हणाल्या. लगेच आत जाऊन पिशवी भरायला लागल्या. "बाळंतपण होईपर्यंत मी तिकडेच राहते. सुलभाताईंना एकटीला झेपणार नाही."

मला झेपणार नाही हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मंडई

घागरीचं माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. एका सकाळी एकटीच बस धरून मंडईत गेले. भाजी बघून जीव सुखावला. कोवळी वाल-पापडी, देठाला पाणी असलेला माठ, आणि आवळ्यांचे ढीग. एका बाईला मी आवळे चाखायला मागितले तर म्हणाली, "चाखून काय ठरवणार, आवळा आहे, आंबटच असतो." आवळे घेतले आणि मागच्या गल्लीत भांड्यांची दुकानं होती तिकडे वळले.

दुकानात पांढरी दाढी, जाळीची टोपी घातलेले एक चाचा तांब्याला पीतांबरी चोळत बसले होते. बोलणं इतकं स्वच्छ पुणेरी, की मीच माझे कोकणी हेल सावरून बोलायला लागले. त्यांच्या आजोबांपासून हे दुकान. मी एक घागर पसंत केली, टिचकी मारून पाहिली आणि सहज म्हणाले, "मुलगी गरोदर आहे. तिकडे काविळीची साथ आहे, म्हणून म्हटलं तांब्याचं बरं."

चाचांनी माझ्या हातातून घागर हळूच काढून घेतली.

"ताई, कितवा महिना?"

मी सांगितलं.

"हे भांडं आहे. औषध नाही. एरवी मी तुम्हाला दोन विकल्या असत्या." त्यांनी घागर परत फळीवर ठेवली. "माझ्या सुनेला अशीच कावीळ झाली होती, दिवस भरत आलेले असताना. ती वाचली, अल्लाची मेहेरबानी. मूल नाही राहिलं. पाणी आम्हीही तांब्याच्याच हंड्यात ठेवत होतो. दुकान भांड्यांचं, घरात दुसरं काय असणार?"

एवढं बोलून चाचा लगेच उठले. आतून तोटी असलेलं, घट्ट झाकणाचं स्टीलचं पिंप काढून माझ्यापुढे ठेवलं.

"पाणी खळखळून उकळा. आणि ह्यात ठेवा. पाणी घ्यायला वरून पेला बुडवायचा नाही, तोटी सोडायची. हात लागला की सगळं मुसळ केरात." मग पुन्हा व्यापारी होऊन म्हणाले, "घासाघीस करू नका, भाव एकच आहे."

मी केली नाही. दुकानाच्या पायरीवर उतरले तरी ते हाताने खुणा करून सांगत होते, झाकण, झाकण. या माणसाने आपलं दुःख माझ्यासाठी बाहेर काढलं होतं, ओळख ना देख. मी आजही दिवा लावताना त्याची आणि त्याच्या सुनेची आठवण काढते.

पिंप घेऊन बसमध्ये चढले. गर्दी वाढायच्या आत बसले आणि पिंप शेजारच्या सीटवर ठेवलं. कंडक्टर आला.

"आजी, ह्यांचं तिकीट?"

"अहो, पाण्याचं पिंप आहे ते."

"ते दिसतंय. सीटवर बसलंय म्हणून विचारलं."

मी ते मांडीवर घेतलं. वाघोलीपर्यंत पाय बधिर झाले. उतरताना मात्र त्याच कंडक्टरने बस थांबवून धरली, पिंप स्वतः खाली आणून दिलं आणि "सांभाळून जावा" म्हणाला.

पुन्हा वाघोली

घरी आले तर दिवाणखान्यात यंत्र विकायला आलेला एक टायवाला बसलेला. कौस्तुभरावांनी बोलावलं होतं. त्याने टेबलावर दोन पेले मांडले होते, एकात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत लोखंडी सळया सोडून त्याने बटण दाबलं. बघता बघता आमच्या पेल्यातलं पाणी गढूळ, तांबूस, मग काळपट झालं. त्याचं होतं तसंच राहिलं. मुक्ताने तोंडावर पदर धरला आणि आत गेली.

"हे तुम्ही रोज पिताय," तो म्हणाला.

विहीणबाई कोपऱ्यात पेपर वाचत होत्या. त्या उठल्या, आतून मिठाची बरणी आणली, त्याच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाल्या, "आता दाबा."

"मॅडम, त्याची गरज नाही."

"दाबा."

त्याचाही पेला गढूळ झाला, आमच्यापेक्षा काकणभर जास्तच.

"हा तुमच्या सळईचा गंज आहे," विहीणबाई म्हणाल्या. "मुलांना मी हा प्रयोग वर्गात दाखवत असे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. जंतू असे दिसत नाहीत. तुमचं यंत्र वाईट नाही, खारटपणा काढेल, नीट राखलं तर जंतूही काढेल. पण ते या जादूवर विकू नका. चहा घेणार?"

त्याने चहा घेतला. यंत्र काही त्या दिवशी ठरलं नाही. भिंतीला भोकं पाडायला घरमालकाची परवानगी हवी होती आणि घरमालक परदेशात, फोन उचलत नव्हता. शिवाय विहीणबाईंनी स्वतःच मान्य केलं की कॅनमधून शहरभर हिंडलेल्या पाण्याची त्या हमी देऊ शकत नाहीत. तेव्हा उकळायचंच ठरलं. गॅस आपल्या घरात, पातेलं आपलं, उकळी डोळ्यांना दिसते. यंत्र बाळ घरी आल्यावर सावकाश घ्यायचं. माझी घागर, त्यांचे कॅन, जावयांचं यंत्र, तिन्ही बाजूला पडलं आणि कोणी हरलं असंही झालं नाही.

मग घरात एक नेम सुरू झाला. संध्याकाळचं पाणी मी उकळायचं, जिऱ्याची पुरचुंडी टाकून, म्हणजे मचूळपणा जरा लपतो. झाकून निवलं की पिंपात. पहाटेचं पाणी विहीणबाईंकडे. मुक्ताला उठल्या उठल्या कोमट पाण्याबरोबर गोळी असायची, ती त्या देत. मी उठेपर्यंत त्यांची आंघोळ, पूजा आणि मुक्ताची गोळी, तिन्ही झालेलं असे. माझ्या मनात आलं, बाई तिखट खरी, पण सुनेचं किती करते.

काही दिवस असेच गेले. एका पहाटे मला लवकर जाग आली. स्वयंपाकघरात गेले तर गॅसवर पातेल्यात पाणी चांगलं खदखदत होतं. विहीणबाईंनी त्यातलं पेलाभर काढलं. ओठ पोळतील इतकं कढत. त्यांनी खाली न बघता ओट्याखालच्या बादलीचं झाकण सरकवलं, भांडं बुडवलं आणि पेल्यात थोडं गार पाणी घातलं. विसण घातलं, जसं आपण आंघोळीच्या कढत पाण्यात घालतो. हात इतक्या सवयीने गेला, की मीही क्षणभर बघतच राहिले. मग लक्षात आलं, बादलीत टँकरचं पाणी होतं.

"विहीणबाई," मी म्हणाले, "विसण कशातलं घातलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेल्याकडे. मग बादलीकडे. पेला मोरीत ओतला आणि तिथल्या स्टुलावर बसल्या.

"रोज," त्या म्हणाल्या. "रोज हेच केलंय मी."

मला भयंकर राग आला, ते लपवत नाही. माझी सख्खी बहीण असती तर मी वाटेल ते बोलले असते. लग्नापासूनचे सगळे टोमणे एका वाक्यात फेडता आले असते, आणि ते वाक्य जिभेवर तयारही होतं. पण त्या हातातला रिकामा पेला पदराने पुसतच राहिल्या होत्या. आणि ओट्याशी मी उभी असते तर माझाही हात त्या बादलीकडेच गेला असता. आपल्या घरांत कढत पाणी कोमट करायचं म्हणजे विसणच. दुसरी रीत आपल्याला कोणी शिकवलेलीच नाही.

मी म्हणाले, "आता मुलांना सांगू नका. मुक्ता घाबरेल. उद्यापासून नीट करू."

"न सांगून कसं चालेल?" त्या उठल्या. "डॉक्टरांना कळायला नको?"

चहाच्या वेळी त्यांनी सरळ सांगून टाकलं. मध्ये माझं नाव नाही, टँकरला दोष नाही, काही नाही. मुक्ता रडायला लागली. कौस्तुभराव खुर्ची सरकवून उभे राहिले.

"आई, तू? तू सायन्स शिकवायचीस."

"हो," त्या म्हणाल्या. "नापास झाले. गाडी काढ."

डॉक्टरीणबाईंपुढेही त्यांनी तेच, तितकंच सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगितलंत ते फार बरं केलंत. घरोघरी हे होत असणार, पण इथे येऊन कोणी बोलत नाही." रक्त तपासायला घेतलं, पण आत्ता चांगलं आलं तरी निश्चिंत होऊ नका, हा आजार दिसायला काही आठवडे लागतात, असं बजावलं. भूक मंदावते का, मळमळतं का, लघवी गडद होते का, डोळे पिवळे दिसतात का, यावर लक्ष ठेवायचं. काही वाटलं तर लगेच यायचं.

ते आठवडे मी विसरणार नाही. रोज सकाळी विहीणबाई मुक्ताला खिडकीजवळ उजेडात उभी करत, हनुवटी धरून डोळे बघत आणि मग सोडत. पेपर उघडत, पण पान उलटत नसे. मी आमटीत मीठ जास्त घातलं तरी निमूट जेवल्या. एकदा मुक्ताने ताट अर्धं ठेवलं, तर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींचेही घास हातात राहिले. मग ती म्हणाली, "दुपारी आवळ्याचं लोणचं खाल्लं, पोट भरलंय," तेव्हा कुठे जिवात जीव आला. त्यांच्या टोमण्यांची मला इतकी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

त्यातच एका रविवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये पाण्यावरून मीटिंग भरली. टँकरवाला बदला, बोअर खोल मारा, चेअरमनने राजीनामा द्यावा, असा नेहमीचा आरडाओरडा चालला होता. विहीणबाई तिथल्या सभासदही नव्हत्या. तरी उभ्या राहिल्या. शाळेचा आवाज तसाच होता.

"पिण्याचं पाणी कोण कोण उकळतं?"

बरेच हात वर झाले.

"कढत असतं तेव्हा कोमट कसं करता?"

पुढच्या खुर्चीवर सातव्या मजल्यावरची एक तरुण आई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. तिने हळूच तोंडावर हात ठेवला.

"मी टँकरचं विसण घालत होते," विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या गरोदर सुनेच्या पाण्यात. मी शिक्षिका होते. उकळलेलं पाणी त्याचं त्यालाच निवू द्यायचं, वरून थेंब नाही. एवढंच सांगायचं होतं." आणि खाली बसल्या.

त्या आरड्याओरड्यात दुसरं कोणाचं बोलणं एवढं शांतपणे ऐकलं गेलं नाही. संध्याकाळी सातव्या मजल्यावरची ती मुलगी दारात आली. "काकू, मी बाळाच्या दुधाच्या पावडरीत रोज..." एवढंच बोलली आणि विहीणबाईंच्या गळ्यात पडून रडली. विहीणबाईंना गळ्यात पडलेलं आवडत नाही. तरी त्यांनी तिला पडू दिलं. नंतर मला म्हणाल्या, "बाळ जड आहे हो तिचं, चांगलं आहे." त्या रात्री मी माझ्या सगळ्या देवांबरोबर त्यांचेही आभार मानले, त्यांच्या तोंडावर मानायची हिंमत अजून व्हायची होती.

दवाखाना

दिवस भरले. पुन्हा तपासलेलं रक्त चांगलं निघालं होतं आणि डोळे पांढरे स्वच्छ होते. एका सकाळी कळा सुरू झाल्या. आम्ही दोघी बाकावर बसून होतो. मध्येच विहीणबाई म्हणाल्या, "सुलभाताई, तुम्ही त्या दिवशी मला काहीही बोलू शकला असता."

"बोलणार होते," मी म्हणाले.

"मला माहीत आहे. तोंड उघडलं होतंत."

दुपारी मुलगी झाली. रडण्याचा आवाज दाराबाहेर ऐकू आला, तेव्हा मी विहीणबाईंचा हात धरला आणि जे मनात होतं ते सांगून टाकलं. तुम्ही सगळं कबूल केलंत म्हणून माझी मुलगी वेळेवर डॉक्टरांच्या नजरेखाली राहिली, तुमचे उपकार मी विसरणार नाही, असं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळाने आम्हाला आत सोडलं. मुक्ता पांढरीफटक पडली होती, पण हसत होती. कुशीत इवलंसं गाठोडं. मी आणलेल्या दुपट्यातच गुंडाळलेलं. नर्स म्हणाली, बाळंतिणीला पाणी द्यायला हरकत नाही. विहीणबाईंनी पिशवीतून थर्मास काढला. पहाटे आम्ही दोघींनी मिळून उकळून भरलेला. पेल्यात ओतलं तर वाफ आली.

"आई, दे ना," मुक्ता मला म्हणाली. "घसा कोरडा पडलाय."

शेजारच्या टेबलावर दवाखान्याचा पाण्याचा जग भरलेला होता. विहीणबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी दुसरा पेला माझ्या हातात दिला. मग त्या माझ्या पेल्यात ओतत आणि मी त्यांच्या पेल्यात, पुन्हा त्या, पुन्हा मी. खाटेच्या दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या आणि मध्ये मुक्ता आमच्या हातांकडे बघत पडलेली. कोणालाच घाई नव्हती. वाफ यायची थांबल्यावर विहीणबाईंनी पेला आपल्या गालाला लावून पाहिला आणि माझ्याकडे केला.

"तुम्ही द्या," त्या म्हणाल्या. "बाळंतपण माहेरचं असतं."

मी मुक्ताच्या मानेखाली हात घातला आणि पेला तिच्या ओठांना लावला. तिने एका दमात सगळं संपवलं, आणि म्हणाली, "अजून."